आईची शुगर वही: २३ जूनपासूनच्या नोंदी

२३ जून २०२५, सोमवार

काल पालखी पुण्यातून निघाली. आई दरवर्षी भजनी मंडळातल्या बायकांबरोबर पूल गेटपासून हडपसरच्या गाडीतळापर्यंत माऊलींना निरोप द्यायला चालत जाते, यंदाही पहाटे पाचला गोळी घेतली, अर्धा कप चहा प्यायली आणि निघाली. नाश्ता राहिला कारण बाकीच्या खाली येऊन थांबल्या होत्या. वैदूवाडीच्या आसपास, साडेआठच्या सुमारास, भुरभुर पाऊस चालू असताना तिला दरदरून घाम फुटला. बरोबरच्यांना वाटलं दमली असेल, पाणी पाजलं, पदराने वारा घातला. मग ती शेजारच्या काकूंना माझ्या मावशीच्या नावाने हाका मारायला लागली, आणि मावशी जाऊन सहा वर्षं झालीत. एका वारकरी बाईने आपल्या पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू काढून भरवला तरी दहा-पंधरा मिनिटं काही फरक नाही. शेवटी रस्त्याकडेच्या मोफत औषधोपचाराच्या मांडवात नेलं, तिथल्या मुलीने बोट टोचलं आणि रीडिंग आलं ५१. तिने ग्लुकोजचं पाणी पाजलं, वीस मिनिटांनी ९६. मी गाडी कुठेतरी लावून धावत पोचलो तेव्हा आई खुर्चीत बसून त्या मुलीला तिचं गाव विचारत होती.

रात्रभर डोळा लागला नाही. आईला डायबिटीस होऊन सात वर्षं झाली आणि सात वर्षं घरात एकच वाक्य आहे, शुगर वाढते. भात कमी कर, आंबा नको, चहात साखर नको. शुगर खालीसुद्धा जाते आणि गेली की माणसाला आपलं माणूस ओळखू येत नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, जिथे पहिल्यांदा गोळी सुरू झाली तिथेही नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मी टूलरूममध्ये क्वालिटीला आहे, दिवसभर मापं घेतो, एका बोअरचं माप सुटलं तर अख्खा लॉट थांबवतो, आणि आईचं माप मात्र सहा महिन्यातून एकदा घेऊन "जरा वाढलीय" म्हणत फाईलला लावतो. हे आता बंद.

आजपासून वही. दोनशे पानी, आडव्या रेघांची. कॉलम असे पाडले: वेळ, रीडिंग, आधी काय आणि किती वाजता खाल्लं, गोळी किती वाजता घेतली, चालणं किंवा काम, आणि आईला कसं वाटतंय. शेवटचा कॉलम बायकोने सांगितला, मी नको म्हणत होतो. असू दे म्हटलं.

२४ जून

ऑफिसला हाफ डे टाकून आईला फॅमिली डॉक्टरांकडे नेलं, गोळ्यांची स्ट्रिप बरोबर घेतली. मला इतकी वर्षं वाटत होतं ती शुगरची एक गोळी आहे, पण मागच्या बारीक अक्षरात तीन औषधं लिहिलीत. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५००, वोग्लिबोस ०.२. डॉक्टरांनी तिन्ही वेगवेगळी समजावली, आणि कालचा सगळा प्रकार मला तिथे उलगडला.

मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरमधून बाहेर पडणारी साखर कमी करतं, एकटं असेल तर शुगर फार खाली सहसा नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि पोटात अन्न आलंय की नाही याची ते वाट बघत नाही. गोळी घेतली की दोन-तीन तासांत जोर येतो. आईने पाचला घेतली, खाल्लं काही नाही, वर चालली, म्हणजे स्नायूंनी पण रक्तातली साखर ओढली. साडेआठला शुगर खाली बसली. हिशोब तंतोतंत लागतो.

आणि लाडू का लागू पडला नाही, तर वोग्लिबोसमुळे. साखर, गूळ, पीठ, हे सगळं आतड्यात फोडूनच त्यातलं ग्लुकोज सुटं होतं आणि मग रक्तात जातं. वोग्लिबोस ती फोडण्याची क्रियाच मंद करतं, जेवणानंतर शुगर एकदम चढू नये म्हणून. म्हणजे ही गोळी चालू असलेल्या माणसाची शुगर खाली गेली तर चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा जिथल्या तिथे कामाला येत नाही, ग्लुकोजच द्यावं लागतं, कारण ते आधीच सुटं असतं, फोडावं लागत नाही. त्या वारकरी माउलीने तिच्याकडचं होतं ते दिलं, तिचे उपकार आहेतच. पण आमच्या घरात सात वर्षं ही गोळी आहे आणि ग्लुकोजचा डबा एकदाही आला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड २ वरून १ केलं. क्रिएटिनिन करायला सांगितलं, किडनी मंद असेल तर हे औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं म्हणून. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, पण केली. आणि बजावलं की घाबरून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

२६ जून

रिपोर्ट आले. क्रिएटिनिन नॉर्मल. एचबीए१सी ८.१. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर साधारण १८६. लाल पेशी अंदाजे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते, किती चिकटली ते ही टेस्ट मोजते. पण सरासरीत ५१ दिसत नाही! ५१ पण आलं आणि २८० पण आलं तरी सरासरी १६५ दिसेल आणि आपण म्हणू बरं चाललंय. आमच्या कामात याला आम्ही फसवी सरासरी म्हणतो, दोन पार्ट रिजेक्ट, एक जाड एक बारीक, सरासरी मात्र ड्रॉइंगप्रमाणे.

ग्लुकोमीटर आणला. एका स्ट्रिपला साधारण २० रुपये पडतात त्यामुळे उगाच टोचत बसायचं नाही, ठरवून टोचायचं. पहिलंच रीडिंग संध्याकाळी साडेसहाला घेतलं, २६३. आई एकदम रडवेली, म्हणाली "अरे मी काहीच नाही खाल्लं रे दुपारपासून, तुझ्या लेकीला आंबा कापून दिला तेवढाच." तिचे हात बघितले तर बोटांना रस वाळलेला, नखाच्या कडेला पिवळं. साबणाने धुवायला लावले, कोरडे पुसले, दुसरं बोट टोचलं. १६९. म्हणजे जवळजवळ शंभर नुसते आंब्याच्या रसाचे. मीटरला रक्ताचा एवढासा थेंब लागतो, त्यात बोटावरची साखर मिसळली की तो तीही मोजतो, बिचाऱ्याला काय माहीत कुठली आहे.

नियम लिहिला: साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, बोटाच्या टोकाला न टोचता बाजूला टोचा (टोकाला जास्त दुखतं), दाबून दाबून रक्त काढू नका. स्ट्रिपची डबी लगेच घट्ट बंद, कारण पावसाळा आहे आणि दमट हवेने स्ट्रिपा खराब होतात.

२९ जून

एक हिशोब केला आणि तो डोक्यातून जात नाहीये. शुगर १०० म्हणजे १०० मिलिग्रॅम एका डेसिलिटरमध्ये, म्हणजे लिटरला १ ग्रॅम. अंगात रक्त साधारण ५ लिटर. म्हणजे सगळ्या अंगातल्या रक्तात मिळून ५ ग्रॅम साखर. एक चमचा. आईच्या समोर किचनच्या वजनकाट्यावर एक चमचा साखर तोलून वाटीत ठेवली आणि सांगितलं, आई, तुझ्या सगळ्या रक्तात एवढीच असते, डायबिटीस नसणाऱ्याच्या पण एवढीच. ५१ झाली होती तेव्हा यातली अर्धीच उरली होती. ती बराच वेळ वाटीकडे बघत राहिली.

एका वाटी भातातून याच्या आठ-नऊ पट साखर येते. ती वेळेत उचलून स्नायूंत, लिव्हरमध्ये ठेवून द्यायची आणि रक्तात परत चमचाभरच ठेवायची, हे काम इन्सुलिन दिवसरात्र करत असतं. टाइप टूमध्ये, म्हणजे आईला आहे त्या डायबिटीसमध्ये, इन्सुलिन असतं, पण शरीर त्याचं पुरेसं ऐकत नाही आणि हळूहळू ते बनणंही कमी होत जातं. त्यामुळे गोड खाल्ल्याने डायबिटीस होतो हे आपल्याकडचं बोलणं तितकंसं खरं नाही.

लेकीने इथे मला थांबवलं. तिच्या वर्गात, आठवीत, एका मुलीला टाइप वन आहे, तिला पाचवीपासून इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि मुलं तिला "तू जास्त चॉकलेटं खाल्लीस का" असं विचारायची. टाइप वनमध्ये शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं, त्यात त्या मुलीचा काय दोष. बाईंनी वर्गात सगळ्यांना समजावलं म्हणे, तिचा चेहरा पांढरा पडला, हात थरथरले, किंवा ती विनाकारण चिडली तर दप्तराच्या पुढच्या कप्प्यातलं ग्लुकोज द्यायचं. म्हणजे माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला हे माहीत होतं, मला नव्हतं.

इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोला सापडलं, बँटिंग आणि बेस्टने, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याच्या आधी अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवत, तेवढेच काही महिने जास्त मिळावेत म्हणून. बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तोच जागतिक मधुमेह दिन, आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. हे लेकीला सांगितलं तर म्हणाली मैत्रिणीला सांगते.

२ जुलै

रात्री झोपताना १२८, सकाळी उठल्यावर काहीही न खाता १५१. आई वैतागली, रात्रीत काय खाल्लं मी? मी पण चक्रावलो, मीटर चेक केला. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले हे खूप जणांचं होतं. पहाटे अंग उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल वगैरे हार्मोन वाढतात, आणि लिव्हर आपल्याकडची साठवलेली साखर रक्तात सोडतं. डायबिटीस नसेल तर तेवढं इन्सुलिन पण सुटतं आणि कळत नाही. पण त्यांनी एक गोष्ट करायला सांगितली, एका रात्री तीन वाजता मोजा, त्या वेळी शुगर खाली जात नाही ना ते बघायचंय.

४ जुलै, पहाटे ३.०५

१११. आई अर्धवट झोपेत बोट पुढे करून परत झोपली. खाली जात नाहीये. बरं वाटलं. मी मात्र जागाच.

६ जुलै, रविवार, आषाढी

आईचा उपवास मोडायला सांगणं मला जमणार नव्हतं आणि मला ते योग्यही वाटत नाही, म्हणून आधीच जाऊन डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आजच्यापुरती सकाळची ग्लिमेपिराइडवाली गोळी बंद ठेवली, नुसतं मेटफॉर्मिन फराळानंतर, आणि उपाशी राहायचं नाही, दर तीन-चार तासांनी थोडं काहीतरी. हे त्यांनी आईची रीडिंग बघून सांगितलंय, सगळ्यांना हेच लागू होईल असं नाही.

सकाळी ९ ला साबुदाण्याची खिचडी, एक मोठी वाटी, बटाटा घातलेली. ११ ला २४८. आई म्हणाली "पण उपवासाचं होतं की ते." साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४४ ग्रॅमच्या आसपास पिष्टच. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते काही उगाच नाही. दुपारी वरीचे तांदूळ अर्धी वाटी आणि दाण्याची आमटी मोठी वाटीभर, वर काकडीची कोशिंबीर. दोन तासांनी १८६. संध्याकाळी ताक आणि मूठभर दाणे, १४४. उपवास तोच, विठोबा तोच, फक्त ताटात दाणे जास्त आणि साबुदाणा कमी. आईने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं, "खिचडी वर्षातून एकदा, ती पण लहान वाटी."

९ जुलै

वरच्या बाजूचं पण लिहायला पाहिजे, नाहीतर मी एकाच टोकाला धरून बसेन. २०१८ ला निदान व्हायच्या आधीचे चार-पाच महिने आज आईबरोबर आठवून काढले. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणं, घसा सारखा कोरडा, वजन सात किलो उतरलं (सगळे म्हणायचे छान बारीक झालात), पायाची जखम महिनाभर चिघळत राहिली, आणि चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. सगळं एकाच गोष्टीचं होतं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढता येत नाही, उरलेली लघवीत सांडते, साखरेबरोबर पाणी जातं, पाणी गेलं की तहान. आपले जुने वैद्य लघवीला मुंग्या लागतात यावरून मधुमेह ओळखायचे. आणि डोळ्याचं भिंग साखरेने फुगतं म्हणून नंबर हलतो, शुगर स्थिरावल्याशिवाय नवीन चष्मा करू नये. आम्ही दोन चष्मे केले, दोन्ही कपाटात पडलेत.

हाय शुगर दुखत नाही, हाच घोळ आहे. २२० ला आई मस्त भाजी निवडत बसलेली असते. पण डोळ्याच्या पडद्याच्या, किडनीच्या, पायाच्या नसांच्या बारीक रक्तवाहिन्या आतून झिजत असतात. आज रात्री तिचे तळपाय टॉर्चने बघितले, बोटांच्या बेचक्यात पण. वारीत अनवाणी चालायची तिची हौस होती, ती या वर्षी मी बंद करायला लावली, त्यावर ती दोन दिवस बोलली नाही.

१५ जुलै

मीटर लॅबशी ताडून बघितला. लॅबमध्ये शिरेतलं रक्त काढलं त्याच मिनिटाला मी बोट टोचलं. लॅब १२३, मीटर १३४. अकराचा फरक, ९ टक्के. घरगुती मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ पॉइंट इतका फरक चालतो, १०० पैकी ९५ रीडिंगना तरी. म्हणजे आमचा मीटर पास. पण याचा अर्थ असा की १३४ आणि १४१ यात फरकच नाही, त्यावरून जीव खालीवर करायचा नाही. आणि ७४ आलं तर खरं ६० पण असू शकतं, तेव्हा आईला कसंतरी होत असेल तर आकडा ७० च्या, म्हणजे लो धरतात त्या रेषेच्या, वर आहे म्हणून गप्प बसायचं नाही. बायकोचा शेवटचा कॉलम किती कामाचा आहे ते आज कळलं.

२३ जुलै

आता माझं. आईच्या लॅबला माझं पण रक्त देऊन आलो होतो, उगाच. वय ४४, वजन ६१, उंची पाच फूट सहा, पोट थोडं, बाकी सगळे सुकडाच म्हणतात. उपाशीपोटी १०९, एचबीए१सी ५.९. उपाशीपोटी १०० च्या आत नॉर्मल, १२६ आणि वर दोनदा आलं तर डायबिटीस, मधली जागा प्रीडायबिटीसची. एचबीए१सीचं तेच, ५.७ ते ६.४ मधली जागा. मी मधल्या जागेत आहे.

बारीक माणसाला कसं काय, तर याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलंय. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघंही बारीक! त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन, पण कमी पडलं ते स्नायू आणि अवयवांत, चरबी त्यामानाने टिकून होती. बारीक पण आतून चरबीवाला, जन्मापासूनच. मी पण आईच्या पोटात १९८१ च्या कडकीच्या दिवसांत होतो, आई सांगते तेव्हा घरात एका वेळचीच भाजी असायची. वहीच्या मागच्या बाजूने माझं पान सुरू केलं. जेवल्यावर लगेच न बसता सोसायटीत पंधरा मिनिटं चालायचं, आई आणि मी. आईच्या वहीत चाललेल्या रात्रीचे आकडे न चाललेल्या रात्रीपेक्षा वीस-तीसने कमी दिसतायत, स्नायू साखर ओढतात ते डोळ्याने दिसतंय.

२९ जुलै, नागपंचमी

आज परत खाली गेली. पण आज पकडली.

सकाळी आठला गोळी, पोहे खाल्ले. मग आईने पुरणाच्या दिंडांचा घाट घातला, पुरण वाटलं, कणीक तिंबली, मध्येच माळ्यावरचा पाट काढून घासला, तीन तास उभी. नैवेद्य दाखवायचा म्हणून जेवण लांबत गेलं. मी कामावर होतो. सव्वाला लेक शाळेतून आली, आजी दिंडं उकडायला ठेवत होती आणि मोजताना सात, आठ, परत सात, परत आठ असं चाललं होतं. लेकीने विचारलं काय झालं तर आजी तिच्यावर ओरडली. आजी तिच्यावर कधीच ओरडत नाही. लेकीने तिचा हात धरला तर ओला आणि गार. तिने गॅस बंद केला, आजीला खुर्चीत बसवलं, मीटर काढला. ६२.

आई म्हणाली "नैवेद्य झाल्याशिवाय मी तोंडात काही घालणार नाही." लेक म्हणाली "आजी, हे खाणं नाहीये, औषध आहे. नागोबा औषधाला नाही म्हणत नाही." आणि ग्लुकोजचे तीन चमचे अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून दिले. आमचा चमचा मी तोलून ठेवलाय, शिगोशीग भरला की ५ ग्रॅम, तीन म्हणजे १५. मग घड्याळ लावून बसली. पंधरा मिनिटांनी ८७. आईचा हात कोरडा झाला, तिने स्वतःहून म्हटलं "आता दिसायला लागलं नीट." मग नैवेद्य, मग जेवण. १५ ग्रॅम, १५ मिनिटं, परत मोजायचं, ७० च्या वर आली नाही तर पुन्हा १५ ग्रॅम, आणि वर आली की लगेच पोटभर काहीतरी, नाहीतर परत घसरते. हे मी फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, पण लेक म्हणाली कागद बघितलाच नाही, मैत्रिणीचं आठवलं.

जेवणानंतर दोन तासांनी २११, दिंडांमुळे. एकाच दिवसात ६२ आणि २११, सरासरी १३६ येते, आणि लिहिताना माझा हात थरथरला.

संध्याकाळी डॉक्टरांना रीडिंग पाठवली. त्यांनी गोळीतलं ग्लिमेपिराइड काढून टाकलं, त्याजागी असं औषध दिलं जे जेवण पोटात आल्यावरच इन्सुलिन वाढवतं.

३ ऑगस्ट

भजनी मंडळात आईने दिंडांची गोष्ट सांगितली तर पाच जणींनी आपापल्या गोळ्यांच्या स्ट्रिपा आणून दाखवल्या. तिघींच्या गोळीत ग्लिमेपिराइड. एकीला पहाटे घाम येऊन जाग येते म्हणे, ती समजत होती वयाचं आहे. तिला सांगितलं उद्याच डॉक्टरांकडे जा आणि घामाची वेळ लिहून ने. आणखी एकीला बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू, त्या औषधाने छातीत धडधड आणि थरथर दबून जाते, शुगर खाली गेलेली कळतच नाही, घाम मात्र येतो. म्हणून कागदात घाम सगळ्यात वर घेतला.

कागद तीन वेळा बदलला. मी आधी खूप लिहिलं होतं, आईने चष्मा न लावता वाचून बघितलं आणि म्हणाली "घाम फुटल्यावर एवढं कोण वाचणार." आता मोठ्या अक्षरात एवढंच आहे. गार घाम, थरथर, एकदम भूक, चिडचिड, बरळणं: मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज. मीटर जवळ नसेल तर मोजायला थांबू नका, आधी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, घशात अडकेल, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन. खाली दुसऱ्या रंगात, शुगर ३०० च्या वर आणि उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर घरी वाट बघायची नाही, दवाखाना. लेकीने चित्र काढायचं म्हटलं, एक चमचा काढला, बस.

२१ सप्टेंबर, रविवार

काल एचबीए१सी आली, ७.३. सरासरी १६३ च्या आसपास. डॉक्टर म्हणाले ६७ वय आहे, सात-साडेसातच्या मध्ये ठेवू, आणखी खाली ओढायच्या नादात परत लो नको. २९ जुलैनंतर वहीत ७० च्या खालचं एकही रीडिंग नाही. सगळ्यात कमी ८३, गौरी जेवणाच्या दिवशी, धावपळीत.

उद्या घटस्थापना. आईचे नऊ दिवस असतात. या वेळी मी काही म्हणायच्या आत तीच शुक्रवारी रिक्षाने डॉक्टरांकडे जाऊन आली, वही घेऊन, आषाढीचं पान उघडून. ठरलंय असं की नऊ दिवस धान्यफराळ, म्हणजे भाजणीची थालीपीठं आणि ताक, साबुदाणा नाही, पहिले तीन दिवस रोज चार वेळा मोजायचं आणि ७० च्या खाली गेली तर त्याच दिवसापासून नेहमीचं जेवण. देवीला पण तसं सांगून ठेवलंय म्हणाली.

तिच्या बटव्यात सुपारीच्या शेजारी ग्लुकोजची पुडी आहे, १५ ग्रॅमच्या दोन, तिने स्वतः बांधल्यात, वर पेनने "औषध" लिहिलंय. स्ट्रिपा १४ उरल्यात. तीन दिवसांना बारा लागतील, उद्या सकाळी डबी आणायची.